मंगळाची मोजणी

सोलापूरला बदली झाली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी भाड्याचा, पाण्याचा, विजेचा विषय काढलाच नाही. खोलीच्या मधोमध उभे राहून ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, ही खोली चौकोनी दिसती, पण न्हाय. त्या नैऋत्येच्या कोपऱ्यात चार बोटं मारलीत. गवंड्यानं फसवलं आमाला. मागनं तुमी म्हणाल, सांगितलं न्हाय."

मी म्हटलं, "चालेल हो."

"चालंल म्हणू नका. मोजून घ्या." आणि खिशातून टेप काढून त्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.

भाडेकरू म्हणून माझी सुरुवात अशी भिंतीला टेप लावून झाली. एवढ्या खऱ्या माणसाच्या घरात राहायला हरकत नाही असं वाटलं. शिवाय माझं विम्याचं ऑफिस तिथून जवळ होतं, हेही खरं.

त्यांना सगळेच अप्पा म्हणत. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले जमीन मोजणीदार. जन्मभर लोकांच्या शेतात दुर्बीण लावून त्यांनी भावाभावांची भांडणं मिटवली. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या मते, जिथे नव्हती तिथे लावून दिली. निवृत्तीनंतर मोजायला शेतं उरली नाहीत, पण हात काही गप्प बसेनात. जिन्याखाली माझी स्कूटर कुठे उभी राहील याची खडूची रेघ होती, आणि पाऊस पडून रेघ पुसली की दुसऱ्या दिवशी सकाळी नवी उमटलेली असे. डावीकडे-उजवीकडे हे शब्द त्यांना वर्ज्य होते. मी एकदा स्वयंपाकघरात काकूंना मिठाचा डबा कुठे आहे म्हणून विचारलं, तर ओसरीवरून अप्पांनीच उत्तर दिलं, "फळीच्या वायव्येला." डबा तिथेच होता. कानावर कायम एक पेन्सिल, ब्लेडनं टोक काढलेली. बॉलपेनाबद्दल त्यांचं मत असं होतं, की ज्याला चूक खोडायची नसते त्यानं ते वापरावं.

तर अशा माणसाच्या हाती कुंडल्या लागल्या.

कुंडलीत बारा घरं असतात, घराघरांत ग्रह बसलेले असतात आणि बसल्या जागेवरून ते दुसऱ्या घरांवर नजर ठेवून असतात, एवढं माझ्या आईच्या कृपेनं मला माहीत होतं. मंगळ आपल्यापासून चौथ्या, सातव्या आणि आठव्या घराकडे बघतो. शनीची, गुरूची अशीच आपापली घरं ठरलेली. ज्योतिषी हे बोटांच्या पेरांवर मोजतात. अप्पांना ती पेरं बघूनच संताप यायचा.

"पेरं मोजून मोजणी हुती व्हय? ही तर नुसती नजरअंदाज पाहणी झाली. दृष्टी म्हणजे काय, ताई? बघणं. बघायचं तर मधी मोकळं पाहिजे का नको? मधी कडब्याची गंजी आली तर दुर्बिणीतनं पलीकडचा खुंट दिसतोय का? न्हाय दिसत. मग मंगळाला कसा दिसंल?"

मंगळाच्या बाजूनं बोलणारं तिथे कुणी नव्हतं. अप्पांची पद्धत तयार झाली. ग्रह ज्या घरात बसला त्याचा मध्य काढायचा, तो ज्या घराकडे बघतो त्याचा मध्य काढायचा, आणि स्टीलची पट्टी लावून दोन्ही जोडायचे. रेघेच्या वाटेवरच्या घरात दुसरा एखादा ग्रह बसला असेल तर झाला आडोसा. आडोसा असला की दृष्टी नाही, दृष्टी नाही तर दोष नाही. पत्रिकेवर ते तळाला बारीक अक्षरात "आडोसा आहे" किंवा "आडोसा नाही" एवढंच लिहीत आणि खाली तारखेसह सही करत. फी म्हणून एक नवी पेन्सिल घेत.

या शास्त्राची खुबी माझ्या हळूहळू लक्षात आली. आडोशामुळे ग्रहांच्या नजरा कमीच होणार, वाढायचा प्रश्नच नाही. त्यामुळे येताना होतं त्यापेक्षा जास्त काळजीत अप्पांच्या ओसरीवरून कुणी परत गेलं असं सहसा होत नसे. लग्नाला अडलेल्या मुलींचे आईबाप तर लांबलांबून येत. माझ्या आईनंही नाशिकहून माझी पत्रिका पाठवली. अप्पांनी पट्टी लावली, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "ताई, तुमचा शनी जन्मापासनं भिंतीकडं तोंड करून बसलाय. त्याचं तुमच्याकडं लक्षच न्हाय." मला बरं वाटलं. त्या दिवसांत ऑफिसातल्या साहेबांचं माझ्याकडे फार बारीक लक्ष होतं. निदान एकाचं तरी नाही, एवढा दिलासा मला पुरला.

एकदा गल्लीतल्या देवळात भविष्य सांगायला बसणारे एक ज्योतिषी भांडायलाच आले. अप्पांमुळे त्यांची मंगळाच्या शांतीची गिऱ्हाइकं तुटत होती, पण ते अर्थात शास्त्रासाठी आले होते.

"अहो, ग्रह म्हणजे काय बैल आहे का, वाटेत आडवा बसायला?" त्यांनी विचारलं.

अप्पा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ग्रहण का लागतंय?"

"म्हणजे?"

"सूर्याचं ग्रहण. चंद्र आडवा येतोय म्हणूनच की. चंद्र सूर्याला आडवतोय ते तुमाला चालतंय, आणि गुरूनं मंगळाला आडवलं तर न्हाय चालत?"

गुरुजींनी उपरणं झटकलं, काकूंनी पुढे केलेला चहा मात्र घेतला, आणि जाताना म्हणाले की काही लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. अप्पा आठवडाभर खुशीत होते.

अडचण एकच होती आणि ती या गावची होती. सोलापुरात पत्रिका दोन तऱ्हांच्या येतात. मराठी घरातली पत्रिका म्हणजे चौकटीत तिरक्या रेघा मारून पाडलेली घरं, काही शंकरपाळ्यांसारखी, काही त्रिकोणी. कानडी आणि तेलुगू घरांतली निराळी. तिच्यात कडेकडेनं बारा चौकोन आणि मधे मोठी रिकामी जागा, बहुतेक वेळा गणपती छापलेली. अप्पा स्वतः घरात कानडी बोलत. पण शाळा मराठी, नोकरी मराठी, सातबारा मराठी. चौकोनी पत्रिका आली की ते ती पट्टीनं दूर सारत. "हा जुन्या मापाचा नकाशा. आदी मराठीत करून घिऊ." आणि हाक मारत, "सुवर्णा!"

सुवर्णा त्यांची एकुलती एक मुलगी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात माल रवाना करायचं काम बघायची. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुऊन ओसरीवर बसायची आणि चौकोनी पत्रिका तिरक्या रेघांत उतरवून द्यायची. ग्रह तेच, राशी त्याच, कागद नवा. हात इतका स्वच्छ, की अप्पा तिच्या रेघा पुन्हा तपासत नसत. हा मान घरात दुसऱ्या कुणालाच नव्हता.

आणि तिलाच मंगळ होता. बाराव्या घरात. तिथून त्याची आठवी नजर सातव्या घरावर, म्हणजे नेमकी लग्नाच्या घरावर. स्थळं येत, पोहे खात, शेंगाचटणीची चौकशी करत, आणि मग त्यांचा ज्योतिषी पेरं मोजून नाही म्हणे. अप्पांच्या पद्धतीनं मात्र ती साफ सुटत होती. बाराव्यातून सातव्याकडे रेघ ओढली की ती पहिल्या घरातून जायची आणि तिथे गुरू ठाण मांडून बसलेला. "भक्कम आडोसा," अप्पा म्हणत. ही पद्धत आधी सुचली की तिची गरज आधी पडली, हे विचारायची सोय नव्हती.

मल्लिनाथचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते जिन्याखाली. सुवर्णा आपली स्कूटर रेघेत लावत होती. तो तिच्याच कारखान्यात चादरींची डिझाइनं करायचा. दोघांचं ठरून बरेच दिवस झाले होते. त्याचे वडील विजापूरकडचे, धान्याचे व्यापारी, पत्रिकेशिवाय पाऊल न टाकणारे. म्हणून दोघांनी कुंभारीच्या एका मावशीला हाताशी धरून हे स्थळ 'सांगून' आणायचं ठरवलं होतं. अप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेली गल्ली तोंड शिवून होती.

"आणि अप्पा नको म्हणाले तर?" मी विचारलं.

स्कूटरचं मागचं चाक थोडं रेघेबाहेर होतं, ते तिनं आत ढकललं.

मल्लिनाथला आणि कुंभारीच्या मावशीला घेऊन त्याचे वडील आले ते हात जोडतच. काकूंनी मला मुद्दाम वरून बोलावून घेतलं होतं, पाहुण्यांसमोर चार माणसं दिसावीत म्हणून. पोहे व्हायच्या आत त्यांनी अप्पांचे हात धरले. "तुमचं शास्त्र आमी ऐकलंय. आमच्या भावाच्या पोरीचा मंगळ तुमीच आडवला. लई चांगलं चाललंय तिचं, दोन लेकरं हायत. दुसऱ्या कुणाचं आमी ऐकत न्हाय आता."

अप्पांच्या आयुष्यात हा पहिला मोठा दिवस होता. आजवर समोरचं स्थळ कधी त्यांच्या पद्धतीवर विश्वास ठेवून आलं नव्हतं. मल्लिनाथ खाली मान घालून बसला होता, आणि त्याच्या मानेवरून मला कळत होतं की त्याला हसू आवरत नाही. मलाही वाटलं, सुटली पोरगी.

मग वडिलांनी पिशवीतून गुंडाळी काढली. "तुमच्या पोरीची येळ घिऊन आमच्या स्वामींकडनं जातक मांडून आणलंय. आता तुमी आपल्या हातानं रेघ मारा. म्हणजे आमच्या घरच्यांनाबी दाखवता येतंय."

अप्पांनी गुंडाळी उलगडली. चौकोनी होती.

"हा जुन्या मापाचा हाय," अप्पा म्हणाले. "आदी मराठीत करावं लागतंय. सुवर्णा..." आणि थांबले. सुवर्णा चांगली साडी नेसून आत पोह्यांवर खोबरं पेरत होती. तिला आत्ता पट्टी घेऊन कसं बसवणार?

"असू द्या की," मल्लिनाथचे वडील म्हणाले. "ग्रह त्येच हायत. माप बदललं म्हणून जमीन बदलती काय?"

हे वाक्य अप्पांनी जन्मभर शेतकऱ्यांना ऐकवलं होतं. त्यांनी पट्टी घेतली.

मी जरा पुढे वाकून बघितलं. त्या कागदावर मंगळाचा चौकोन खालच्या ओळीत आणि सातव्या घराचा चौकोन वरच्या ओळीत, बरोबर समोरासमोर, रस्त्याच्या दोन बाजूंच्या घरांसारखे. मधे सगळी मोकळी जागा. आणि मराठी पत्रिकेत आडवा बसणारा गुरू इथे मंगळाच्या शेजारी, त्याच्याच ओळीत बसला होता. रेघेच्या वाटेत त्याचा काही संबंधच नव्हता.

अप्पांनी रेघ मारली नाही. पट्टी सरकवली, परत लावली, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावली.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांना ग्रहांतलं काही कळत नव्हतं, नवऱ्याच्या चेहऱ्यातलं सगळं कळत होतं. त्या म्हणाल्या, "मधी गणपती बसलाय की!"

मल्लिनाथचे वडील लगबगीनं वाकले. "हौदु! व्हय की, गणपती हाय मधी!" गणपती होता. लाल शाईत छापलेला, हातात मोदक घेतलेला, रेघेच्या अगदी वाटेवर. याहून भक्कम आडोसा तिन्ही लोकांत मिळाला नसता.

"तो छापखान्यानं काढलाय," अप्पा म्हणाले. "ग्रह न्हाय तो. छापखान्याचा गणपती आडोसा धरला तर उद्या कुणीबी मधी मारुती काढंल."

"साकु बिडरी!" काकू कडाडल्या. मला कानडी येत नाही, पण 'आता पुरे करा' हे कुठल्याही भाषेत कळतं.

"पुरं कसं करू? ह्या नकाशात मंगळ सरळ बघतोय. आडोसा न्हाय. मी खोटं सांगणार न्हाय."

मला त्या वेळी अप्पांचा इतका राग आला, की ती पट्टी हिसकावून घ्यावीशी वाटली. खोलीची चार बोटं आधीच सांगणारा हा माणूस मला आवडला होता. आज तोच खरेपणा पोरीच्या मुळावर आला होता. आत भांड्यांचा आवाज बंद झाला. मल्लिनाथचे वडील खरोखरीच वाईट वाटून कागद गुंडाळू लागले. त्यांची अप्पांवर श्रद्धा होती, तेच नडलं. श्रद्धा नसलेला माणूस असता तर घासाघीस केली असती.

"थांबा," अप्पा म्हणाले. त्यांनी कपाटातून सुवर्णाची मराठी पत्रिका आणली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "एका जमिनीचे दोन नकाशे जुळंनात, तर मोजणीदारानं काय करायचं असतंय?"

त्यांनी दोन्ही कागद अर्धवट गुंडाळून बाजूला ठेवले.

"जागेवर जायचं. नकाशे गुंडाळून ठेवायचे आणि ज्याचा नांगर फिरतोय त्याला इचारायचं, बाबा, तू कुटंवर नांगरतोस?" त्यांनी आत बघून हाक मारली. "सुवर्णा, भायेर ये."

ती आली. पदराला खोबऱ्याचा हात पुसलेला होता.

"तुजं काय म्हणणं हाय?" अप्पांनी विचारलं.

इतकी स्थळं येऊन गेली, पण हे तिला त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. पत्रिकेला विचारलं होतं, ज्योतिष्याला विचारलं होतं. माझ्याही आईनं मला कधी विचारलं नाही, हे मला तिथे, त्या पोह्यांच्या वासात, पहिल्यांदा जाणवलं आणि वाईट वाटलं.

सुवर्णा म्हणाली, "अप्पा, एवढ्या चौकोनी पत्रिका मी मराठीत करून दिल्या तुमाला. त्यात रेघ एका वाटंनं जाती, ह्यात दुसऱ्या. मला कवाचं ठाऊक हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी पट्टी ठिवून दिली असती. त्या सगळ्या पोरी अडकल्या असत्या की."

अप्पांनी चष्मा काढला. मग विचारलं, आणि त्यांचा आवाज मोजणीदाराचा नव्हता, "आणि तू अडकलीस त्याचं काय?"

"मी कुटं अडकले?" तिनं मल्लिनाथकडे बघितलं. "मी लगीन ह्यांच्याशीच करणार हाय. मंगळ बघू दे न्हायतर न बघू दे."

मल्लिनाथनं मान हलवली. त्याच्या वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, मग कुंभारीच्या मावशीकडे, मग छताकडे. व्यापारी माणूस, सौदा आधीच झालाय हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी आपला अर्धवट गुंडाळलेला कागद पुन्हा उघडला आणि म्हणाले, "त्याचं असं हाय, अप्पा. तुमच्यात गणपती चालत न्हाय, आमच्यात चालतोय. कागद आमचा हाय." आणि पोहे मागवले.

लग्न झालं. त्यानंतर अप्पा पट्टी ठेवून देतील असं मला वाटलं होतं. काकूंनी तर नवसही बोलला असावा. पण लोक येत राहिले, पेन्सिली साठत राहिल्या. फरक एवढाच पडला, की अप्पा आता प्रत्येक पत्रिका दोन्ही तऱ्हांनी स्वतः मांडत. आणि मोजणीच्या आधी मुलीच्या आईवडिलांना काही ना काही निमित्तानं आत पाठवत. ते आत गेले की हलक्या आवाजात मुलीला विचारत, "पोरगा पसंत हाय का?" तिनं मान डोलावली, तर ज्या नकाशात आडोसा सापडेल तो पुढे ओढायचे. नाही म्हटली, तर दुसरा. "मंगळ सरळ बघतोय, हे स्थळ सोडा," असं मग ते इतक्या कठोरपणे सांगत, की आईबाप घाबरून लगेच उठत. मी एकदा याला शास्त्र म्हणतात का असं छेडलं. ते म्हणाले, "ताई, ही वहिवाट हाय."

माझी पुन्हा बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला मी पेन्सिलींचं एक पाकीट घेऊन खाली गेले. ओसरीवर टेंभुर्णीहून आलेली एक बाई आणि तिची मुलगी बसली होती. काकू त्या बाईंना चटणी कशी कुटतात ते दाखवायला आत घेऊन गेल्या. या कामात त्या आता तरबेज झाल्या होत्या. अप्पांनी मुलीला विचारलं. मुलगी लाजली, मग तिनं चांगली दोनदा मान डोलावली.

अप्पांनी तिरक्या रेघांच्या पत्रिकेवर पट्टी लावली. मंगळ सरळ बघत होता. चौकोनी ओढली, पट्टी लावली. तिथेही सरळ. मधे औषधालाही ग्रह नव्हता. मुलगी आमच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं बघू लागली. मी माझी नजर स्कूटरच्या रेघेकडे नेली.

तेवढ्यात तिची आई बाहेर आली. "काय म्हणतोय मंगळ?"

"बसा जरा. मोजणी चालू हाय," अप्पा म्हणाले.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टोक बोटावर तपासलं, आणि चौकोनी पत्रिकेच्या मधल्या रिकाम्या जागेत, सोंड वायव्येला ठेवून, अगदी सावकाश एक गणपती काढला. मोदकसुद्धा काढला. मग कागदाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं, "आडोसा आहे", आणि खाली तारखेसह सही केली.